थंडी न पाहिलेली काडी : फळछाटणीनंतर हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग

द्राक्ष हे मूळचे थंड हिवाळ्याच्या मुलखातले पीक. तिकडे पाने आपोआप गळतात, वेल दोन-तीन महिने झोपून राहते आणि थंडीचा वाटा पुरेसा मिळाला की वसंतात काडीवरचे डोळे (जिथून नवी फूट निघते त्या जागा) जवळजवळ एकाच वेळी उघडतात. आपल्याकडे असे घडत नाही. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या पट्ट्यात फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकते. खरी थंडी येते डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा बागेत मणी फुगत असतात. म्हणजे ज्या काडीने एकही थंड रात्र पाहिलेली नाही, तिच्याकडून आपण भर उन्हात एकसारख्या फुटीची अपेक्षा करतो. तिला सोडून दिले तर शेंड्याचा एखादा डोळा आधी फुटतो, तो खालच्यांना दाबून ठेवतो, आणि मग एकाच वेलीवर फुलोरा, मोहरीएवढे मणी आणि पोंगा (नुकता उघडणारा कोवळा फुटवा) असे तिन्ही प्रकार दिसतात. अशा बागेत जीएचे (जिबरेलिक आम्ल या संजीवकाचे) एकही डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, वेळेवर होत नाही, कारण सगळ्यांची वेळ वेगवेगळी असते.

या न मिळालेल्या थंडीची भरपाई म्हणून काडीच्या डोळ्यांवर बोळ्याने हायड्रोजन सायनामाईडचे द्रावण लावतात, त्यालाच पेस्टिंग म्हणतात. औषध सगळ्यांना माहीत आहे, दुकानदारही मात्रा सांगतो. पण बाग बिघडते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी: शेजाऱ्याची मात्रा आपल्या काडीला लावली जाते. मात्रा ठरवायची ती काडीची जाडी, काडीची पक्वता आणि त्या आठवड्याचे तापमान बघून.

औषध डोळ्यात नेमके काय करते

सायनामाईड डोळ्यातल्या कॅटालेज या विकराचे काम अडवते. त्यामुळे पेशींत हायड्रोजन पेरॉक्साईड साचते, श्वसनाची नेहमीची घडी विस्कटते आणि डोळ्याला एक धक्का बसतो. बराच काळ थंडी सोसल्यावर झोप मोडण्याची जी साखळी सुरू होते, तीच या धक्क्याने लवकर सुरू होते. थोडक्यात, हे खत नाही, टॉनिक नाही. मोजून दिलेली इजा आहे. धक्का कमी पडला तर डोळा जागा होत नाही, जास्त झाला तर मरतो. पुढची सगळी काळजी या एका गोष्टीतून येते.

थंडी कमी पडणाऱ्या प्रदेशात हेच औषध पीच, प्लम, चेरी, किवी, सफरचंद यांनाही देतात. पीचची (हिंदीतला आडू) तुलना इथे उपयोगी पडते. पीचच्या जुन्या एल्बर्टा जातीला ७ अंशांखालचे साधारण ८५० तास लागतात, तर मैदानी भागासाठी निवडलेल्या फ्लोर्डा प्रिन्सला १५० च्या आसपास पुरतात. पंजाबात पीच टिकले ते अशा कमी थंडीच्या जातींमुळे. औषधाचा नंबर त्यानंतरचा. अमेरिकेत जॉर्जिया आणि साऊथ कॅरोलिना ही पीचची राज्ये. तिथे २०१६-१७ चा हिवाळा उबदार गेला आणि जास्त थंडी मागणाऱ्या जातींवर फुले नीट आली नाहीत, पाने उशिरा आली, पीक कोसळले. थंडीचा बराचसा वाटा झाडाच्या पदरात पडला असेल तरच औषध उरलेली तूट भरून काढते, हे पीचवाले जाणतात. शिवाय पीचची फुलकळी एकेरी असते. ती जळली की ते फळ गेलेच. म्हणून तिथे फवारणी कळी फुगण्याच्या चांगली महिनाभर आधी करतात आणि मात्राही लिटरला १० ते २० मिलीच्या आतबाहेर ठेवतात. द्राक्षाची थंडीची गरज मुळात कमी, आणि द्राक्षाच्या डोळ्यात एकाआड एक तीन कळ्या दडलेल्या असतात. त्यामुळे आपण ३०-४० मिलीपर्यंत जाऊ शकतो. पण मुख्य कळी जळून बाजूची फुटली तर तिच्यावर घड बारीक येतो किंवा येतच नाही, म्हणजे "डोळा फुटला" एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

पेस्टिंगची तयारी छाटणीच्या तीन आठवडे आधी

पेस्टिंगचा निकाल निम्मा आधीच ठरलेला असतो. काडी पिकलेली हवी: साल तांबूस-तपकिरी, आडवी कापली तर आतला भेंडही तपकिरी आणि आक्रसलेला. भेंड पांढरट-हिरवा आणि काडी चपटी असेल तर ती कच्ची. कच्च्या काडीला नेहमीची मात्रा लावली की डोळा काळा पडतो. जून-जुलैत ढगाळ हवेत नत्र जास्त दिलेल्या बागांत अशा काड्या बऱ्याच निघतात. तिथे छाटणी आठ-दहा दिवस पुढे ढकलणे परवडते.

डोळे तपासणी चुकवू नये. वेगवेगळ्या जाडीच्या काड्या प्रयोगशाळेत दिल्या की कितव्या डोळ्यात घड आहे ते कळते. त्यावरून काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरते. सबकेन (शेंडा खुडल्यावर काडीवर फुटलेली उपकाडी) असेल तर साधारणपणे गाठीजवळच्या एक-दोन डोळ्यांत घड सापडतो, सरळ काडीत बहुधा सहाव्या ते आठव्या डोळ्यापर्यंत जावे लागते. पेस्टिंग कोणत्या डोळ्याला करायचे हे यावरच अवलंबून असल्याने, "छाटणी झाल्यावर बघू" म्हणणारा माणूस अंदाजाने बोळा फिरवत असतो.

छाटणीच्या १५ ते २० दिवस आधी पानगळ. यासाठी इथेफॉन (३९ टक्के) लिटरला २.५ ते ३ मिली आणि सोबत ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचे विद्राव्य खत) लिटरला ५ ग्रॅम अशी फवारणी रूढ आहे. इथेफॉन पानात इथिलीन सोडते, देठाशी तुटण्याचा थर तयार होतो, पाने पिवळी पडून गळतात. पानांतले अन्न काडीकडे वळते आणि डोळे फुगायला लागतात. फवारणी दोन्ही बाजूंनी पाने भिजतील अशी करावी, कारण आतल्या दाट पानांवर औषध पोहोचले नाही तर तिथली पाने हिरवीच राहतात आणि त्या भागातले डोळे मागे पडतात. पुढे पेस्टिंग कितीही चांगले केले तरी हा फरक बुजत नाही. पानगळीच्या काळात पाणी कमी करावे. हलक्या जमिनीत आठ दिवसांचा ताण पुष्कळ होतो, भारी काळ्या जमिनीत दुप्पट दिवस लागू शकतात. परतीचा पाऊस चालू असेल तर ताण बसत नाही. अशा वेळी इथेफॉनची मात्रा वाढवण्यापेक्षा उरलेली पाने हाताने काढलेली बरी. जास्त इथेफॉनने डोळाही कमजोर होतो.

पाने गळून शेंड्याकडचे डोळे किंचित फुगलेले दिसले की छाटणीला हरकत नाही. ते कापसले असतील, म्हणजे फुगून पांढरी लव दिसत असेल, तर उशीर झालेला आहे.

मात्रा

बाजारात मिळते ते हायड्रोजन सायनामाईड ५० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रव औषध). खालची मात्रा या बाटलीच्या मापाने, एका लिटर पाण्याला.

काडी ६ ते ८ मिमी जाड असेल तर ३० मिली.
८ ते १० मिमी असेल तर ४० मिली. चांगल्या बागेतली बहुतेक काडी याच गटात येते.
१० मिमीच्या वर गेली तर ४० मिलीचेच द्रावण, पण दोनदा: पहिले सुकल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदम ५० मिलीच्या वर जाण्यापेक्षा हे सुरक्षित.

हे गणित दिवसाचे तापमान ३० ते ३५ अंश असताना लागू पडते. पारा ३५ च्या वर असेल तर प्रत्येक गटात ५ ते १० मिली कमी करा. उन्हात औषध झटपट आत जाते आणि डोळाही आधीच तापलेला असतो. उलट नोव्हेंबरच्या उत्तरार्धात उशिरा छाटणाऱ्यांना रात्रीची थंडी आडवी येते. तिथे ४० मिली लावायच्या काडीला ५० मिलीपर्यंत जावे लागते आणि फूटही चार-सहा दिवस उशिरा येते. सटाणा-बागलाणातल्या जुलै-ऑगस्टच्या आगाप छाटणीत प्रश्न तिसराच: पाऊस आणि कच्ची काडी. तिथे मात्रा कमीच धरावी आणि उघडीप बघून काम करावे.

काडीची जाडी नजरेने ठरवू नका. शंभर-दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा व्हर्निअर कॅलिपर पुरतो. बागेतल्या पंचवीस वेलींच्या प्रत्येकी चार काड्या, मधल्या पेऱ्यावर मोजा. बाग एकसारखी निघाली तर एकच मात्रा. अर्ध्या काड्या ७ मिमी आणि अर्ध्या ११ मिमी निघाल्या, आणि जुन्या बागांत असे निघतेच, तर संपूर्ण बागेला ३० ते ३५ मिलीचे एक द्रावण आणि दुसऱ्या दिवशी फक्त जाड काड्यांना दुसरा हात. दोन वेगळ्या मात्रांच्या दोन बादल्या एकाच वेळी बागेत फिरवल्या की दुपारपर्यंत कोणती कुणाची ते कुणालाच सांगता येत नाही.

द्रावण किती लागेल? ९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीवर ३२ काड्या धरल्या तर ३१ हजार काड्या होतात. प्रत्येकीचे दोन-तीन डोळे भिजवायला सहसा २० ते २५ लिटर द्रावण पुरते, म्हणजे ४० मिलीच्या मात्रेने ८०० मिली ते १ लिटर औषध. मात्र बोळा किती शोषतो आणि हात किती दाबतो यावर हा आकडा हलतो. पहिल्या दोन ओळींना किती गेले ते मोजून मगच पुढचे बनवा. एकरी १० लिटरमध्ये काम आटोपले तर खूष होऊ नका, डोळे नुसते चाटून गेलेले असतात.

द्रावण बनवणे

प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचे मापपात्र. तांब्या-पितळेची भांडी नकोत. स्वच्छ पाणी अर्धे भरा, त्यात मोजलेले औषध हळू ओता, काठीने ढवळा, मग पाण्याने माप पूर्ण करा. १५ लिटरच्या बादलीला ३० मिलीने ४५० मिली, ४० मिलीने ६०० मिली औषध लागते. कोणता डोळा लावला, कोणता राहिला ते कळावे म्हणून लाल रंग टाकण्याची पद्धत चांगली आहे. रंगाशिवाय काम केलेल्या बागेत सुटलेल्या काड्या बारा दिवसांनीच दिसतात.

यात दुसरे काहीही मिसळू नये. बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) तर अजिबात नाही. चुन्याने द्रावण अल्कधर्मी होते आणि सायनामाईड दुसऱ्याच निरुपयोगी संयुगात बदलते. छाटणीनंतरची एक टक्का बोर्डोची फवारणी जरूर करा, पण पेस्टिंग पूर्ण सुकल्यावर, एखादा दिवस जाऊ देऊन. विहिरीचे पाणी जड असेल तर द्रावण सकाळचे सकाळी आणि दुपारचे दुपारी बनवावे. आज उरलेले उद्या वापरणे ही खोटी काटकसर आहे.

बाटली सावलीत, थंड जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपासून तापलेली मागच्या वर्षीची उघडी बाटली ऑक्टोबरात आपले काम करील याची खात्री नाही. फुगलेला डबा तर उघडूच नये, उष्णतेने औषधाचे विघटन होऊन आत दाब तयार झालेला असतो.

लावायचे कसे

छाटणी झाल्यापासून २४ तासांत, फार तर ४८ तासांत पेस्टिंग संपवा. टोळी दिवसाला जेवढे छाटते तेवढेच पेस्टिंग दुसऱ्या दिवशी होईल असे मजुरांचे गणित आधी बसवा. छाटणी दोन दिवसांत आणि पेस्टिंग पाच दिवसांत अशी बाग शेवटपर्यंत पाच तुकड्यांत चालते. कापाच्या तोंडातून पाणी टपकत असेल, म्हणजे जमिनीत ओल जास्त असेल, तर थोडे थांबा. वरून येणारे पाणी शेंड्याकडच्या डोळ्यावरचे औषध धुऊन नेते.

वेळ सकाळी दव सुकल्यावर अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर. भर दुपारी लावलेले औषध डोळ्यात मुरण्याआधी काडीवर सुकते, आणि जे मुरते ते तापलेल्या डोळ्यात.

स्पंजचा किंवा जाड सुती कापडाचा बोळा हातमोज्याच्या बोटांना बांधावा किंवा काठीच्या टोकाला बसवावा. कमरेला छोटा डबा. बोळा बुडवून हलका पिळा, डोळ्याभोवती पूर्ण फिरवा. नुसता वरून टिपका पुरत नाही. काडीच्या दोन्ही अंगांना डोळे असतात आणि मांडवावर वरच्या अंगाचा डोळा हमखास राहतो. ओळ संपली की मुकादमाने खाली वाकून नव्हे, तर मांडवाच्या वरून नजर टाकावी.

किती डोळ्यांना लावायचे? जे डोळे फुटायला हवेत तेवढ्यांनाच. सहसा शेंड्याकडचे दोन ते तीन. तपासणीत घड पाचव्या डोळ्यात सापडला आणि काडी सातव्यावर कापली असेल तर पाचव्याला विसरू नका. आधीच कापसलेला डोळा मात्र सोडून द्यावा. तो जागा झालेलाच आहे, औषधाने जळेल. ओलांड्यापर्यंत (वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत) सरसकट सगळी काडी रंगवली तर नको ते डोळेही उठतात, अन्न वाटले जाते आणि पुढे फेलफुटी काढण्याची मजुरी दुप्पट होते. याच कारणाने पंपाने फवारण्यापेक्षा हाताचे पेस्टिंग बरे. पंपाने काम लवकर होते, औषध जास्त जाते आणि कोणता डोळा उठवायचा ही निवड आपल्या हातात राहत नाही.

लावल्यावर पाच-सहा तासांत पाऊस आला तर काय? रंग बघा. काडीवर रंग टिकला असेल तर काही करू नका. धुऊन गेला असेल तर छाटणीपासून ४८ तासांच्या आत, मात्रा १० मिलीने कमी करून एकदा पुन्हा लावता येते. त्यानंतर नाही.

माणसांची काळजी

हा भाग नुसता वाचून पुढे जाऊ नका, टोळीला मोठ्याने वाचून दाखवा.

सायनामाईड म्हणजे सायनाईड नव्हे. बाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना औषधाचे लेबल सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांचा असा घोटाळा होणार नाही. यावर खास उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करतात. त्वचेला ते भाजते, काहींना पुरळ आणि फोड येतात. डोळ्यात गेले तर गंभीर इजा होते. पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर.

पण खरा धोका संध्याकाळी असतो. दारू पचवताना शरीरात जो विषारी टप्पा तयार होतो, तो पुढे निकामी करणारे यकृतातले विकर सायनामाईड अडवते. दारू सोडवण्यासाठी देतात त्यांपैकी काही औषधांचे काम याच वाटेने चालते. त्यामुळे पेस्टिंग करून घरी गेलेल्या माणसाने थोडीशी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके फुटायला येते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यावर आठवडाभर दारू पूर्ण बंद. ज्याला हे जमणार नाही त्याला छाटणीला लावा, पेस्टिंगला नाही. हे टोळीला लाजेखातर न सांगणे चुकीचे आहे. बायकाही कामाला असतात आणि त्यांना वाटते आपला याच्याशी संबंध नाही, पण दशमूलारिष्ट आणि इतर आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो. खोकल्याच्या काही औषधांतही. द्राक्षाच्या बागेत काम करून द्राक्षासव घेतले तरी तोच त्रास होऊ शकतो.

हातमोजे नायट्राईलचे किंवा जाड रबराचे, कोपरापर्यंतचे. मांडवात हात सतत वर असतो, द्रावण मनगटावरून ओघळून बाहीत शिरते. म्हणून मोज्याची कड बाहेरच्या बाजूला दोन बोटे दुमडून ठेवा. ओघळ त्या खळगीत अडतो. डोळ्यांना गॉगल, डोक्याला टोपी किंवा स्कार्फ, पूर्ण बाह्या, प्लास्टिकचा एप्रन. बागेच्या कडेला साबण आणि पाण्याचे पिंप. तंबाखू मळायची असेल तर आधी हात धुऊनच. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले त्या दिवशी बागेत नकोत. कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून भोके पाडून टाका, त्यात कुणी तेल-रॉकेल भरता कामा नये.

नंतरचे पंधरा दिवस

छाटणीच्या दिवशीच, किंवा पेस्टिंग संपल्यावर लगेच, पोटभर पाणी. ताणात ठेवलेल्या बोदाला (वेलींच्या ओळीच्या मातीच्या वरंब्याला) खोलवर ओल लागली पाहिजे. डोळा उठला पण पांढरी मुळी चालली नाही तर तो काडीतल्या साठ्यावर किती दिवस तग धरणार? त्यानंतर वाफसा टिकेल इतपत पाणी. हवा कोरडी आणि ऊन कडक असेल तर संध्याकाळी काड्यांवर साध्या पाण्याची हलकी फवारणी द्या, डोळे मऊ राहतात. ही फवारणी पेस्टिंगनंतर तिसऱ्या दिवसापासून, त्याआधी नाही.

ऑक्टोबरच्या उबेत आठव्या ते बाराव्या दिवशी डोळे कापसतात आणि पोंगे दिसू लागतात. याच दिवसांत उडद्या भुंगेरे फुगलेला डोळा कोरून खातात. एका डोळ्याला एकच भुंगेरा पुरेसा. खाल्लेला डोळा बाहेरून जळल्यासारखा दिसतो आणि दोष औषधावर जातो. भिंगाखाली कुरतडल्याच्या कडा दिसल्या तर उडद्या. डोळा आतपर्यंत कोरडा, काळा, अखंड असेल तर जळलेला. सहाव्या दिवसापासून सकाळी फेरी मारावी, शिफारस केलेले कीटकनाशक जवळ असावे.

बाराव्या दिवशी मोजदाद. बागेच्या चार कोपऱ्यांतल्या आणि मधल्या दोन-दोन वेली निवडा, पेस्ट केलेले शंभर डोळे मोजा, किती फुटले ते वहीत लिहा. काडीची जाडी, मात्रा, लावल्याचा दिवस, कमाल तापमान हेही त्याच पानावर. पुढच्या वर्षी शेजाऱ्याला विचारायची गरज पडत नाही.

फूट बिघडली तर शोध असा घ्यावा. ओळीच्या ओळी मागे असतील तर द्रावण किंवा वेळ चुकली: एक बादली पातळ बनली, किंवा त्या ओळी तिसऱ्या दिवशी लावल्या. प्रत्येक वेलीवर जाड काड्या तेवढ्या मुक्या असतील तर दुसरा हात राहिला. बारीक काड्यांचे डोळे काळे पडले असतील तर त्यांना जाड काडीची मात्रा बसली. मांडवाच्या दाट, सावलीच्या भागात फूट नसेल तर पानगळ अर्धवट झाली होती. सगळीकडे डोळे फुगून तिथेच थांबले असतील तर जमिनीत ओल कमी आहे किंवा रात्री थंड आहेत; पाणी बघा आणि थोडा धीर धरा. चौदाव्या दिवशी घाबरून दुसऱ्यांदा पेस्टिंग करणारे लोक उरलेले उघडे पोंगेही जाळून बसतात.

एक तक्रार मात्र पेस्टिंगच्या माथी मारू नये. फूट जोरदार आली पण घड बाळीवर गेला (घडाऐवजी वेलीचा तणावा झाला), जिरला, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा खरड छाटणीनंतरच्या (काडी तयार करण्यासाठी उन्हाळ्यात होणाऱ्या छाटणीनंतरच्या) महिन्यांत सापडते: डोळ्यात घड तयार होत असताना ढगाळ हवा, काड्यांची गर्दी, जास्त नत्र, पाण्याची उधळण. सायनामाईड डोळा उघडते. आत घड नसेल तर ते आणून ठेवत नाही.

निर्यातीच्या बागेबद्दल नेहमी एक शंका विचारतात: युरोपात हे औषध शेतकऱ्यांना वापरता येत नाही, मग आपल्या मालाचे काय? पेस्टिंग आणि काढणी यांत चार महिन्यांच्या आसपास अंतर असते आणि औषध लावतो ते उघड्या काडीवर, मणी तयार होण्याच्या कितीतरी आधी. तरीही नोंदवहीत तारीख, मात्रा आणि बाटलीचा बॅच क्रमांक लिहून ठेवा, निर्यातीच्या तपासणीत ही नोंद मागतात. आणि पुढच्या हंगामात उरलेली बाटली वापरायची की फेकायची, हेही त्याच नोंदीवरून कळते.